पुढची सीट कुणाची

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. मासेवालीनं बांगडा वर धरला की मी आधी कल्ले उघडून बघते. दूध आलं की दूधवाला फाटकाबाहेर जायच्या आत नाकाला लावते. नवरा म्हणतो, "अगो, तू देवळात गेलीस तरी पुजाऱ्याकडं संशयानं बघतेस." बघते! तीर्थाचं पाणी कुठल्या हंड्यातलं ते बघायला नको?

तर त्या माणसाचा संशय मला पहिल्याच दिवशी आला. कारण एकच. तो पाट न घेता आला होता.

पेणजवळ हमरापुरात आमचा गणपतीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे घराच्या पडवीला लागून काढलेली पत्र्याची लांब शेड. आमच्याकडं गिऱ्हाईक गणपती सांगायला येतं ते काखेत घरचा पाट घेऊन. पाटाच्या पोटाला घराचं नाव रंगवलेलं असतं. तो पाट मी हातात घेऊन फळीवर ठेवला की झालं. पावती नाही, सही नाही. त्या पाटावर त्याच घरचा गणपती बसणार. सासऱ्यांच्या काळात एकदा दोन घरांचे पाट उलटसुलट गेले, तर सासरे भर पावसात सायकल मारत दोन्ही घरी गेले, पाट बदलले, हात जोडले आणि मगच जेवले. असा हा धंदा.

आणि हा माणूस रिकाम्या हातानं आला. पांढरेशुभ्र बूट घालून, मातीच्या कारखान्यात. त्याच्यासोबत माझा भाऊ होता म्हणून मी उठून खुर्ची दिली, नाहीतर दारातच उभा केला असता.

माझा भाऊ कबड्डी खेळतो. गावच्या मैदानावरची नाही, टीव्हीवरची. चढाईला जातो. माझं माहेर नागोठण्याच्या पुढं, निडीच्या बाजूला, रोह्याच्या अलीकडं. आमच्याकडं पोरगं चालायला लागलं की आधी 'कबड्डी कबड्डी' म्हणतं आणि मग 'आई' म्हणतं. त्यातून हा एकटा मोठ्या संघात गेला. उंच इतका, की आमच्या माहेरच्या दारात वाकून यायची सवय त्याला बाहेरही लागली आहे, मोठ्या हॉटेलाच्या दारातसुद्धा वाकतो. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, नवा सीझन खेळशील, पण तोपर्यंत गुडघा सांभाळायचा. दुमडून जास्त वेळ बसायचं नाही. आणि वय काय थांबतंय? एक सीझन घरी बसला की चढाईवाल्याला परत कोण बोलावतं? त्याला ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि त्या पांढऱ्या बुटवाल्यालाही ठाऊक होतं.

तो माणूस पाण्याच्या टाक्या करणाऱ्या कंपनीचा साहेब. ही कंपनी म्हणजे भावाच्या संघाची स्पॉन्सर, तिचं नाव भावाच्या छातीवर असायचं. मी ते नाव घेत नाही, उगाच घरात नोटीस यायची. साहेब म्हणाला, "ताई, आखातात आमचं नवीन ऑफिस उघडतंय. तिथं तुमच्याच हातची मूर्ती न्यायची. उद्घाटनाला तुमच्या बंधूंचा संघही नेतोय, मैत्रीचा सामना ठेवलाय. ते म्हणजे आमची शान!"

"पाट कुठाय?" मी विचारलं.

"पाटाचं काय हो ताई, तिथं काचेचं स्टँड केलंय."

काचेचं स्टँड! मी डोळ्यांची आखणी करत होते, ब्रश खाली ठेवला. अशा वेळी हात हलला तर देवाची नजर बिघडते.

"हे बघा," मी म्हटलं, "काच असूद्या नाय तर सोनं असूद्या, मूर्ती सामानात टाकायची नाय. आडवी करायची नाय. तोंडावर कापड घालून, बसवून न्यायची, जागेवर जाईस्तोवर." हे मी सगळ्यांना सांगते. मुंबईच्या गिऱ्हाइकाला सांगते, अमेरिकेच्या गिऱ्हाइकाला सांगते.

"शब्द देतो, ताई."

"आणि ह्याच्या पायाचं काय? विमानात कोंबून नेलात तर गुडघा राहील काय?"

"अहो, पहिली रांग! माझ्या शेजारची सीट. मस्त पाय पसरून बसा म्हणावं."

इतकं गोड बोलला की मला ठसकाच लागला. साहेब मोबाईलवर बोलायला बाहेर गेला, तसं मी भावाला म्हटलं, "लिहून घे. नाय तर संघाच्या मॅनेजरसमोर बोलायला लाव."

भाऊ हसला. "ताय, पाट ठेवून घेताना तू कधी कुणाला पावती दिलीस? माणसानं शब्द दिला ना."

"अरे मेल्या, पण तो पाट घेऊन आलाय कुठं?"

"तुला सगळीकडं पाणी मुरताना दिसतं," तो म्हणाला. साहेब आत आला आणि मी चहा टाकायला उठले. आमची माणसं इथंच फसतात. समोरच्यानं आपल्या घरात बसून, आपला चहा पिऊन शब्द दिला, की आपल्याला तो पाट ठेवल्यासारखा वाटतो. त्याच्या लेखी तो नुसता चहा असतो.

मूर्ती हातभर उंचीची होती. मी मन लावून केली. माणसावर राग असला तरी मूर्तीवर काढता येत नाही. खोक्यात चारी बाजूंनी स्पंज लावला, समोरून झाकण उघडेल असं ठेवलं, वर आमच्या कारखान्याचा कागद चिकटवला.

ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी मला आखातातून फोन आला. भावाचा नाही. भावाच्या लहानपणच्या दोस्ताचा. हा आमच्या माहेरच्या शेजारच्या मोहल्ल्यातला मुसलमान मुलगा, भावाबरोबर शेतात कबड्डी खेळलेला, आता बरीच वर्षं तिकडं कंपनीत आहे. तो विमानतळावर दोस्ताला बघायला गेला होता.

"ताय, तू घाबरू नको," तो म्हणाला. असं म्हटलं की मी घाबरतेच. "पण त्याला चालवत नव्हतं गो. सगळ्यात शेवटी उतरला, पोरांच्या खांद्यावर हात टाकून. मागच्या रांगेत मधल्या सीटवर बसवला होता त्याला. गुडघा बघ, नारळासारखा झालाय."

"आणि तो साहेब?"

"तो पुढनं उतरला, ऐटीत." मग आवाज खाली आणून म्हणाला, "ताय, बाकीचं त्यालाच विचार."

बाकीचं म्हणजे काय? मला तिथंच खटकलं. भावाला फोन केला तर तो म्हणाला, "काय नाय, जरा सूज हाय." आणि फोन ठेवला.

त्या सुजलेल्या गुडघ्यावर त्याला सामन्यात उतरवलं. एकच चढाई करा म्हणाले, लोक तुम्हाला बघायला आलेत. तो गेला. समोरच्यांनी पकडला, आणि गुडघा परत फिरला. हे मी टीव्हीवर बघितलं नाही, मोबाईलवर कुणीतरी पाठवलं तेव्हा बघितलं. त्याला उचलून नेताना छातीवरचं टाकीचं नाव स्पष्ट वाचता येत होतं.

हॉटेलात परतल्यावर भावानं स्वतःचा एक व्हिडीओ टाकला. आयुष्यात पहिल्यांदा तो असं चारचौघांत बोलला. गुडघा दाखवला आणि म्हणाला, "मला पुढच्या सीटचा शब्द दिला होता. ऑपरेशन झालंय हे माहीत असून शेवटच्या रांगेत बसवलं. खेळाडूचं नाव लावून धंदा करता, तर खेळाडूला पाय पसरायला जागा तरी द्या." बस, एवढंच. शिवी नाही, काही नाही.

आधी लोकांनी त्याची बाजू घेतली. रोह्यापासून पेणपर्यंत ज्याच्या त्याच्या मोबाईलवर माझा भाऊ. स्पॉन्सर असेच, गरज सरो वैद्य मरो, सगळं बोलून झालं. मी नवऱ्याला म्हटलं, "बघितलंस? मी पहिल्या दिवशी ओळखला होता." नवरा म्हणाला, "थांब जरा, तो काय गप बसेल असं वाटत नाय मला." आमच्या घरात मी संशयी आणि नवरा भोळा, पण त्या दिवशी तो बरोबर बोलला.

संध्याकाळी साहेबाचं उत्तर आलं. एक फोटो. विमानातली पहिली रांग. खिडकीपाशी साहेब, हात जोडून. त्याच्या शेजारच्या सीटवर, पट्टा लावून, माझा गणपती.

समोरचं झाकण उघडलेलं, तोंडावरचं कापड काढलेलं, खोक्यावर माझ्या कारखान्याचा कागद. खाली लिहिलेलं, की आम्ही पुढची सीट बाप्पाला दिली. मूर्तिकार ताई खेळाडूच्या सख्ख्या भगिनी आहेत, मूर्ती बसवूनच न्यावी असं त्यांनीच सांगितलं होतं. ह्यात आमचं काय चुकलं, भक्तांनीच ठरवावं.

मी फोटो दोन बोटांनी मोठा करून बघितला, कागद माझाच होता.

आता ह्यावर कोण काय बोलणार? लोक भावावर तुटून पडले. 'बाप्पापेक्षा मोठा झालास काय?' 'गणपतीची जागा मागतोस?' 'ह्याचा गुडघा मोडला तो उगाच नाय मोडला.' हे शेवटचं वाचलं तेव्हा माझ्या अंगाची लाही लाही झाली. हे लिहिणारा आमच्याच तालुक्यातला होता. त्याच्या घरचा पाट माझ्या फळीवर येतो.

अरे, मी गणपती बसवून न्या म्हटलं होतं. माझ्या भावाला उठवून न्या असं कधी म्हटलं? आणि बसवायचाच होता तर मागच्या सीटवर बसवायचा. बाप्पा काय पाय पसरून बसतो? माझ्या साच्यातून निघताना मांडी घालून निघालाय तो! पण हे मी कुणाला सांगणार? गणपती करणारी बाईच म्हणायला लागली, गणपती मागं बसवा, तर फळीवर एक पाट राहिला नसता. नवऱ्यानं तेवढंच सांगितलं, "आता तोंड उघडू नको. हंगाम जाईल." मी गप्प बसले. माझ्यासारखी बाई गप्प बसली म्हणजे आत काय चाललं असेल ते समजून घ्या.

कंपनीनं आपल्या जाहिरातीतून भावाचं नाव काढून टाकलं. संघाचे लोक म्हणाले, "पाय बरा होऊ दे, मग बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते आम्ही ओळखलं. भाऊ घरी आला आणि त्यानं मला फोन करायचं बंद केलं.

आता माझा संशय घरात शिरला. मी आईला फोन करायची. "झोपलाय," आई म्हणायची. "डॉक्टरकडं गेलाय." "आंघोळीला गेलाय." रोह्यात इतकी आंघोळ कोण करतं? माझ्या मनात भरलं, की ह्याला साहेबाचं पटलं. ह्याला वाटतं, ताईनं सांगितलं म्हणून माझी सीट गेली. ताईनं देवाचं बघितलं, भावाचं नाही बघितलं. रंग कालवताना तेच, भाकरी थापताना तेच. एकदा तर मला वाटलं, साहेबाशी मी आतून मिळालेली आहे असंसुद्धा ह्याला वाटत असेल. संशयाला काय, एकदा पाय फुटले की तो पेणहून रोह्याला चालत जातो.

माझ्या माहेरचा पाट दरवर्षी भाऊ स्वतः घेऊन येतो. कितीही मोठा झाला, टीव्हीवर दिसला, तरी पाट काखेत मारून येतो, आणि दारातून ओरडतो, "ताय, गिऱ्हाईक आलंय, खुर्ची दे!" सागाचा पाट आहे, एक कोपरा समई कलंडून जळलेला. मी नागपंचमीपासून वाट बघत होते. पाट आला, पण भाऊ आला नाही. नागोठण्याच्या कंपनीत कामाला जाणारा शेजारी शिफ्ट सुटल्यावर वाट वाकडी करून पाट देऊन गेला. "त्यानं दिलाय," एवढंच म्हणाला. मी पाट घेतला, जळक्या कोपऱ्यावरून हात फिरवला, आणि शेडच्या मागं जाऊन रडले. नवऱ्यानं बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी कारखान्यात श्वास घ्यायला फुरसत नसते. गाड्यांची रांग, मोरया मोरया, कुणाला दोरी हवी, कुणाला कापड. त्या गर्दीत एक गाडी थांबली आणि भाऊ उतरला. पट्टा लावलेला गुडघा, हातात काठी. माझा भाऊ, काठी घेऊन! दाढी वाढलेली. दारात वाकून आत आला.

मी नेहमीप्रमाणं बोलायला हवं होतं. बोलले ते असं, "आलास? पाट पाठवलास तसा गणपतीसुद्धा शेजाऱ्याकडून मागवायचास."

तो खाली बघून म्हणाला, "ताय, तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती."

"का? मी सीट घालवली तुझी म्हणून?"

त्यानं मान वर केली. "तू? तू कशी घालवशील?" मग काठी भिंतीला लावून, पाय सरळ पसरून तो रिकाम्या खोक्यावर टेकला. "विमानात शिरलो तर माझ्या सीटवर खोकं. वर तुझा कागद. मी साहेबाला म्हटलं, ही सीट माझी ना? त्यानं हात जोडले. म्हणाला, 'बाप्पाला उठवू काय? तुम्हीच सांगा.' सगळे बघत होते, ताय. काय बोलणार? मी खोक्याला हात लावून नमस्कार केला आणि मागं गेलो. व्हिडीओत मी बाप्पाचं नाव घेतलं नाय, ते तुझ्यासाठी. तुझ्या हातचा होता ना. उगाच तुझं नाव नको, तुझं गिऱ्हाईक तुटायला नको. पण साहेबानंच तुला त्यात ओढली. कुठल्या तोंडानं फोन करू?"

इतके दिवस मी त्याच्यावर संशय घेत होते, आणि तो माझं गिऱ्हाईक राखत बसला होता. मी म्हटलं, "गाढव आहेस."

त्याच्या पाटावर गणपती तयार होता. तोंडावर कापड घातलं. आमच्या माहेरी रीत आहे, गणपती नेणारा माणूस गाडीत पुढच्या सीटवर बसतो, मूर्ती मांडीवर घेऊन. पण ह्याच्या मांडीवर पाट ठेवायचा कसा? पाय वाकत नव्हता. मागची सीट मखराच्या सामानानं भरलेली, एकाच माणसापुरती जागा उरलेली. भाऊ ड्रायव्हरला म्हणाला, "पुढं बाप्पाला बसव, पट्टा लाव. मी मागं बसतो कसातरी."

कसातरी! आणि बोलताना त्यानं आजूबाजूला बघितलं, कुणी मोबाईल काढलाय काय म्हणून. सहा फुटाचा माणूस, भरल्या मैदानात सातजणांच्या अंगावर जाणारा, तो पुढच्या सीटवर बसायला घाबरत होता. माझं डोकं फिरलं.

"पुढं तू बसायचंस," मी म्हटलं. "सीट मागं सरकव आणि पाय पसर. गणपती मी घेते मांडीवर. मागं."

नवऱ्यानं माझ्याकडं बघितलं. गिऱ्हाइकं उभी होती. एक म्हातारे काका म्हणाले, "अगो, बाप्पाला मागं बसवतंस? आणि माणूस पुढं?" त्यांच्या मागून कुणीतरी हळूच बोललं, "हाच ना तो, गणपतीची जागा मागणारा?"

मी त्या आवाजाकडं वळले. "व्हय, हाच तो. माझा भाऊ हाय. आणि हा गणपती मी केलाय, माझ्या हातानं, म्हणून मी सांगते. बाप्पाचे गुडघे शाबूत हायत. ह्याचा मोडलाय. ज्याचा मोडलाय तो पुढं बसेल. कुणाला पटत नसेल त्यानं आपला पाट उचलावा आणि दुसरा कारखाना बघावा."

एकजण मोबाईल धरून उभा होता. मी त्याला म्हटलं, "घे रे, नीट घे. कंपनीला पण पाठव."

कुणी पाट उचलला नाही. निदान त्या दिवशी तरी नाही. पुढच्या वर्षी कुणाकुणाचे पाट येतात ते बघायचं आहे, मी काही लगेच विश्वास ठेवणारी नाही. नवऱ्यानं येऊन भावाच्या बाजूचं दार उघडलं, सीट मागं ढकलली, आणि मला म्हणाला, "जा. मी बघतो इथलं. उद्या पहाटेच्या गाडीनं ये."

मी मागं बसले, मखराच्या सामानात अंग चोरून, मांडीवर पाट, पाटावर बाप्पा. भाऊ पुढं बसला. पाय पसरला. पूर्ण पसरला, टाचेपर्यंत. इतक्या दिवसांनी त्याचा पाय सरळ बघितला आणि मला हुंदका आला, तो मी पदरात तोंड घालून दाबला.

वडखळ गेलं, नागोठणं आलं. रस्त्याचं काय सांगू, खड्डा चुकवला की दुसऱ्यात. सीझनचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. संघाचा फोन आलेला नव्हता, आणि येईल असं मला आजही वाटत नाही. निडीच्या वळणावर गाडी जोरात आदळली, तसा त्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला.

"हळू घे रे," तो म्हणाला, "मागं दोघं हायत."